डोलकाठीचा पाय

दोहा मेट्रोच्या लाल मार्गावर दक्षिणेला शेवटपर्यंत गेलात की अल वक्रा येतं. हे नाव तुम्ही २०२२च्या फुटबॉल वर्ल्डकपच्या वेळी ऐकलं असेल. तिथलं अल जनूब स्टेडियम झाहा हदीदच्या संस्थेनं आखलेलं, आणि त्याचं छप्पर म्हणजे वाऱ्यानं फुगलेली शिडं, असं तेव्हा समालोचक पुन्हापुन्हा सांगत होते. स्टेडियम पाहून झालं की समुद्राकडे चालत जा. जुना बाजार लागेल (‘जुना’ म्हणजे जुन्यासारखा नव्यानं बांधलेला), आणि पुढे मासेमारीच्या ढाऊंचं बंदर. तिथे मात्र एकही शीड दिसणार नाही. ढाऊला डोलकाठी असते, पण आखूड. तिच्यावर दिवा, अँटेना, जाळी ओढायची कप्पी. वारा अडवायचं काम तिच्याकडे उरलेलं नाही.

मागच्या हिवाळ्यातले बरेच शुक्रवार मी या गावात काढले, आणि खरं सांगायचं तर संशोधनासाठी नाही. माझ्या एका सहकाऱ्यानं एक जुनी छोटी शिडाची बोट विकत घेतली होती. फायबरग्लासची, बावीस फुटी, १९८०च्या दशकात कुठेतरी युरोपात बनलेली, आणि आधीच्या मालकानं उन्हात टाकून दिलेली. ‘समुद्री व्यापारावर पीएचडी केलीस ना? मग ये मदतीला,’ असं त्याचं तर्कशास्त्र. लायडनमध्ये मी चार वर्षं जहाजांवरच्या मालाच्या याद्या वाचल्या. किती पोती मिरी, किती थान कापड. जहाजाचा एक बोल्ट कधी फिरवला नव्हता.

बोटीचं दुखणं असं होतं. डोलकाठी डेकवर एका अ‍ॅल्युमिनियमच्या बैठकीवर टेकलेली होती. साधारण दोन तळहातांएवढी ती बैठक चार स्टेनलेस स्टीलच्या बोल्टांनी डेकला धरलेली. अ‍ॅल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील एकमेकांना चिकटून खाऱ्या दमट हवेत राहिले की त्यांची बॅटरी बनते, आणि त्या बॅटरीत झिजतं ते बिचारं अ‍ॅल्युमिनियम. बोल्टांभोवती पांढरी भुकटी जमली होती. बैठकीला तडा गेला होता. सगळ्यात वाईट म्हणजे बोल्टांच्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी झिरपून खालचा प्लायवूड कुजला होता. स्क्रूड्रायव्हर टोचला तर ओल्या केकसारखा आत गेला. काठी वरून सरळ, चकचकीत, काही झालंच नाही अशी.

शेजारी एका लाकडी बोटीवर काम करणारे एक चाचा हे सगळं बघत होते. दाभोळकडचे. वडील शिडाच्या मचव्यावर खलाशी, हे स्वतः चाळीस वर्षांपूर्वी कतारला सुतार म्हणून आले. मी मराठी बोलते हे कळल्यावर त्यांनी हातातली पटाशी खाली ठेवली आणि म्हणाले, “काठी मोडत नाय, बाय. तिचा पाय कुजतो. मग लोक म्हणतात काठी मोडली.”

हा लेख त्या वाक्यावर आहे.

आधी पाय म्हणजे काय ते बघू. लाकडी गलबताच्या तळाशी नाळेपासून मागपर्यंत एक जाड कणा जातो. त्याला आपल्या किनाऱ्यावर पठाण म्हणतात (अफगाणिस्तानशी संबंध नाही, पाठीशी आहे). त्या कण्याच्या वर, आडव्या फासळ्यांवर, एक भारी ओंडका बसवतात आणि त्यात चौकोनी खाच कोरतात. डोलकाठीच्या बुडाला तेवढाच चौकोनी दट्ट्या काढलेला असतो. तो खाचेत बसतो. घरातल्या दाराच्या चौकटीचा सांधा जसा असतो, सुतार ज्याला साल आणि कुसू म्हणतात, तोच हा, फक्त कित्येक पट मोठा. डेकच्या पातळीवर काठी आणखी एका तुळईतून जाते आणि पाचरी ठोकून घट्ट केली जाते. बस. काठीला आधार देणाऱ्या बाकीच्या सगळ्या गोष्टी म्हणजे दोर.

आता वाटतं असं, की वारा काठीला पुढे ढकलतो आणि पाय नुसता जागेवर राहतो. प्रत्यक्षात वाऱ्याचा जोर दोर अडवतात, आणि ताणलेला प्रत्येक दोर काठीला खाली खेचतो. शीड वर ओढून धरणारा दोरही तेच करतो. म्हणजे वारा आडवा, पण त्याचं ओझं उभं होऊन बोटीच्या तळावर उतरतं. अरबी समुद्रातल्या बोटींची तर काठी पुढे झुकलेली, आणि शिडाचं आडवं परबाण पुष्कळदा काठीपेक्षाही लांब. ते सगळं धूड लाटेवर उचललं जातं, आपटतं, पुन्हा उचललं जातं, आणि प्रत्येक वेळी एका खाचेला धक्का बसतो. ही खाच नीट असेल तर कुणाला तिची आठवण होत नाही. ढिली झाली तर काठी बोटीच्या तळातून बाहेर पडू शकते.

आणि ती ढिली होते समुद्राच्या पाण्यानं नाही, गोड्या पाण्यानं. पावसाचं, दवाचं पाणी काठीवरून ओघळत खाली येतं, खाचेत साचतं, आणि तिथे ना ऊन ना वारा. बुरशीला याहून चांगली जागा नाही. खारं पाणी बुरशीला फारसं मानवत नाही; म्हणून बोटीचा सतत बुडालेला भाग पुष्कळदा टिकतो आणि कुठेतरी मधल्याच, ओल्या-सुक्या जागी लाकूड जातं.

हे निरीक्षण फार जुनं आहे, आणि गंमत म्हणजे याच भागातलं आहे. अ‍ॅरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रॅस्टस यानं वनस्पतींवर जो ग्रंथ लिहिला, त्यात टायलॉस बेटाचा उल्लेख आहे. टायलॉस म्हणजे आजचं बहारीन, कतारच्या शेजारचं. तिथे जहाजांना एक लाकूड वापरतात, ते पाण्याखाली राहिलं तर दोनशेहून जास्त वर्षं टिकतं, पण पाण्याबाहेर लवकर कुजतं, असं तो ऐकीव माहितीवरून नोंदवतो. अलेक्झांडरच्या आरमारातल्या माणसांनी आणलेली ही बातमी. ते लाकूड साग असावं, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. इसवी सनापूर्वी चौथं शतक उलटता उलटता अथेन्समध्ये बसलेला माणूस आखाती बोटींची दुरुस्ती कुठे करावी लागते ते जवळजवळ सांगून गेला.

पण बहारीनमध्ये साग कुठून आला? कतारमध्ये कुठून आला? या प्रश्नाशी थोडं थांबूया. कतारच्या उत्तरेला अल खोरच्या बाजूला तिवरांची झाडी आहे. बाकी खजूर. तिवराचं खोड बुटकं आणि वाकडं, खजुराचं तंतुमय. त्यातून डोलकाठी निघत नाही, पठाण निघत नाही, खाचेचा ओंडकाही निघत नाही. म्हणजे अल वक्राच्या किनाऱ्यावर मोत्यांसाठी जेवढी गलबतं कधी उभी राहिली, त्यांचं जवळजवळ सगळं लाकूड समुद्रावरून आलेलं होतं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत भडोचहून आखातातल्या बंदरांना जाणाऱ्या मालात तांबं, चंदन, सागाच्या तुळया आणि काळ्या लाकडाचे ओंडके आहेत. त्याच पुस्तकात सोपारा आणि कल्याणही आहेत. तुमच्यापैकी कुणाचे आजी-आजोबा नालासोपाऱ्याला राहत असतील तर त्यांना सांगा.

पुढे हाच रस्ता मलबार, कानडा, कोकण असा पसरला. अरबीत सागाला ‘साज’ म्हणतात. शब्दही लाकडाबरोबरच जहाजात चढला. काठीसाठी मात्र पुष्कळदा साग नसे. सह्याद्रीच्या दक्षिण भागात पून जातीची सरळसोट, उंच झाडं होतात, आपल्या किनाऱ्यावरच्या उंडीची ती भावंडं. सागापेक्षा हलकी आणि लवचिक. काठी पुनाची आणि तिचा पाय सागाचा, ही विभागणी मला फार शहाणी वाटते. वर लवचिकपणा लागतो, खाली चिवटपणा. सागात तेल असतं, त्यामुळे तो सहजी कुजत नाही, आणि ओकसारखा त्यात ठोकलेल्या लोखंडाला खातही नाही. हे ब्रिटिशांनाही कळलं होतं. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका १८१७ मध्ये पाण्यात उतरली आणि आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. तिकडे राहत असाल तर एकदा जाऊन या, तळाच्या मजल्यापर्यंत उतरा.

लाकडाची ही ओढ एकट्या आखाताची नव्हती. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमारावर एक प्रकरण आहे. किल्ल्यांच्या चर्चेत लोक ते ओलांडून पुढे जातात. आरमाराला फळ्या लागतात, डोलकाठ्या लागतात, मोठं लाकूड लागतं, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. रानातला साग वगैरे परवानगीनं तोडावा. त्याहून जास्त लागलं तर परमुलखातून विकत आणावं. आंबा-फणसाचं लाकूडही आरमाराच्या उपयोगाचं आहे, पण त्याला हात लावू देऊ नये. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड अगदीच जीर्ण झालं असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन तोडावं. हा उतारा व्हॉट्सअ‍ॅपवर पर्यावरणदिनाला फिरतो. मला तो जास्त करून एका चिंताग्रस्त भांडारप्रमुखाचा वाटतो. कारण आंग्र्यांच्या दोन-तीन डोलकाठ्यांच्या गुराबा आणि लहान गलबतं, मुंबईची गोदी, आखातातली गलबतं, सगळे एकाच पश्चिम किनाऱ्याच्या जंगलांवर नजर ठेवून होते. आणि नवं जहाज बांधायला जसं लाकूड लागतं, तसंच जुनं जिवंत ठेवायलाही सतत लागत राहतं. या दुसऱ्या गरजेबद्दल इतिहासाच्या पुस्तकांत फार कमी लिहिलं जातं.

मी स्वतः त्यातलीच. माझ्या प्रबंधात जहाजं बंदरात येतात, माल उतरवतात, निघून जातात. मधले महिने ती काय करत होती? कुणीतरी त्यांना किनाऱ्यावर ओढत होतं, काठी उतरवत होतं, कुजलेलं काढून नवं बसवत होतं.

कोकणात हे महिने पावसाळ्याचे. ज्येष्ठात समुद्र खवळायच्या आधी होड्या-मचवे वर ओढायचे, काठी-शीड उतरवून ठेवायचं, वर झावळ्यांचं छप्पर घालायचं. नारळी पौर्णिमेला नारळ पाण्यात सोडला की पुन्हा दर्या उघडला. तुम्ही परदेशातल्या मंडळाच्या हॉलमध्ये नारळी भात खाता, तो खरं म्हणजे दुरुस्तीचा हंगाम संपल्याचा सण आहे.

अल वक्रामध्ये कॅलेंडर नेमकं उलटं होतं. मोत्यांचा मोठा हंगाम उन्हाळ्याचा, साधारण जून ते सप्टेंबर. पाणी कोमट असायला हवं, कारण पाणबुडे दिवसभर नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून खाली जात. म्हणजे दाभोळला जेव्हा मचवा छपराखाली झोपलेला असे, तेव्हा वक्राची गलबतं समुद्रात गच्च भरलेली असत. आणि सप्टेंबरनंतर वक्राच्या किनाऱ्यावर गलबतं ओढली जात, तेव्हा तिकडे आपल्या लोकांचा हंगाम नुकता सुरू झालेला असे. नवं लाकूड घेऊन येणारी जहाजं हिवाळ्याच्या ईशान्य वाऱ्यावर आखाताकडे परतत. दोन्ही किनाऱ्यांची सुट्टी एकमेकांच्या कामात अशी अडकलेली होती. इथल्या मोत्यांच्या बोटींत एका प्रकाराचं नाव ‘जालबूत’ आहे. आपल्या ‘गलबत’शी त्याचं नातं काय, यावर अभ्यासक भांडत आले आहेत. ‘नोखदा’ आणि ‘नाखवा’ यांच्याबद्दल भांडण नाही. दोन्ही एकाच फारसी शब्दाची पोरं, अर्थ नावेचा धनी.

आणि हो, हे सगळं गोड नव्हतं. पाणबुडे नोखदाच्या कर्जात अडकलेले असत, एका हंगामाचं कर्ज पुढच्या हंगामात जाई. कित्येक जण तर आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते. कतारमध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली ती १९५२ मध्ये. दोह्यातल्या बिन जेलमूद हाऊस या संग्रहालयात ही कथा आडपडदा न ठेवता मांडली आहे. मोती तिथून मुंबईच्या बाजारात जात, आणि मुंबईतून पॅरिसला. मुंबईच्या श्रीमंतीच्या तळाशीही या लोकांचे श्वास आहेत. शिडांच्या रम्य फोटोंमध्ये हे दिसत नाही. तसा डोलकाठीचा पायही दिसत नाही.

चित्रांचा हा दोष नेहमीचाच आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत पाचव्या शतकाच्या सुमाराचं एक तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलेलं आहे. भारतीय नौदलानं त्या चित्रावरून ‘कौंडिण्य’ नावाचं जहाज गोव्यात बांधून घेतलं, केरळच्या कारागिरांच्या हातून, फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवून. मे २०२५ मध्ये ते कारवारला नौदलात सामील झालं आणि त्याच वर्षाच्या शेवटी पोरबंदरहून मस्कतकडे निघालं. या प्रकल्पाची माहिती वाचताना मी एका ओळीपाशी थबकले. जहाजाच्या प्रतिकृतीची चाचणी आयआयटी मद्रासमध्ये झाली, पण लाकडी डोलकाठ्यांच्या रचनेची तांत्रिक तपासणी नौदलाला वेगळी करावी लागली. साहजिक आहे. चित्रकारानं काठ्या दाखवल्या, शिडं दाखवली, मडकी दाखवली. काठी आत कशावर उभी आहे हे त्याला दाखवायचं कारण नव्हतं, आणि आज बांधणाऱ्याला मात्र त्याशिवाय एक पाऊल पुढे टाकता येत नाही.

ओमाननं हा अनुभव आधी घेतला होता. इंडोनेशियात बेलितुंग बेटाजवळ सापडलेल्या नवव्या शतकातल्या जहाजावरून त्यांनी ‘ज्वेल ऑफ मस्कत’ बांधलं आणि २०१० मध्ये ते सिंगापूरला नेलं. वाटेत श्रीलंकेतल्या गॉल बंदरात कळलं, की डोलकाठीला तडा गेला आहे. मग तिथेच सागाची झाडं शोधून नव्या काठ्या उभाराव्या लागल्या. प्रवास लांबला. माझ्या मते त्या सफरीतला सगळ्यात अस्सल नवव्या शतकाचा भाग तोच. ओमानी जहाज, श्रीलंकेचा साग. असंच तर चालत होतं. जुन्या जहाजाचा ‘देश’ विचारला तर उत्तर एका शब्दात येत नाही, कारण वीस वर्षं चाललेल्या कुठल्याही गलबतात तीन-चार किनाऱ्यांचं लाकूड मिसळलेलं असे.

बुडालेल्या जहाजांचं मात्र चित्रांच्या अगदी उलट असतं. काठी, शीड, डेक सगळं जातं. तळ गाळात रुतून राहतो. म्हणून पुरातत्त्वज्ञांना काठी क्वचितच सापडते, आणि तिची खाच पुष्कळदा सापडते. लंडनमध्ये थेम्सच्या काठी ब्लॅकफ्रायर्सला १९६२ मध्ये एक रोमन काळातलं जहाज मिळालं. त्याच्या खाचेत डोमिशियन बादशहाचं एक नाणं होतं, काठी उभी करताना शकुन म्हणून ठेवलेलं. कुठल्यातरी सुतारानं ते ठेवलं, वर काठी बसली, आणि पुढे अठराशे वर्षांहून जास्त काळ ते कुणी पाहिलं नाही.

आखातात काठीच्या पायाचं महत्त्व एका पिढीत संपलं. आधी १९२०-३०च्या दशकांत जपानी संवर्धित मोत्यांनी आणि जागतिक मंदीनं मोत्यांचा धंदा बसवला. मग दुखानला तेल लागलं, १९४९ मध्ये निर्यात सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर ढाऊंमध्ये इंजिनं बसू लागली. एकदा इंजिन आलं की मोसमाची वाट बघायला नको, काठी आखूड केली तरी चालते, आणि खाच हवी कशाला? कोकणातही मचव्यांना यंत्रं लागली, फक्त थोडी उशिरा. चाचांचे वडील शिडावर, चाचा इंजिनवर, चाचांचा मुलगा दोह्यात एसी दुरुस्तीच्या धंद्यात. अरबी समुद्रातली शिडाची गोष्ट या एका घरात मावते.

आता कतारला तिची आठवण येते. कटारा सांस्कृतिक गावात २०११ पासून पारंपरिक ढाऊंचा महोत्सव भरतो. २०१३ मध्ये ‘फतह अल खैर’ नावाची ढाऊ इथून मुंबईपर्यंत जाऊन आली. त्या महोत्सवात चाचांना काम मिळतं, ही जमेची बाजू. पण त्यांची तक्रार मला पटते. प्रदर्शनातल्या बोटीला उंच काठी लावतात, पाय मात्र लोखंडी पट्टीचा, वरून बोल्ट मारलेला. “ही उभी राहायला ठीक हाय,” ते म्हणाले, “चालायला नाय.” खाच कोरायला ओंडका लागतो, आठवडा लागतो, आणि कोरणारा लागतो. त्यांच्याकडून ते शिकायला आजवर कुणी आलं नाही. त्यांच्या हाताखालचे दोन मुलगे बिहारचे, हुशार आहेत, पण त्यांना फायबरग्लासचं काम येतं आणि त्यातच पगार आहे. मी एकदा फोनवर व्हिडिओ काढायला लागले तर चाचा हसले. “बघून काय समजणार? धार कुठे अडते ते हाताला कळतं.” मी तरी व्हिडिओ काढला. बावन्न मिनिटं. त्यात मुख्यतः माझेच प्रश्न ऐकू येतात.

आमच्या बोटीचं पुढे काय झालं ते राहिलं. जुने बोल्ट फिरेनात. दोन ड्रिल करून काढावे लागले. नवी बैठक ऑनलाइन मागवली, ती तीन आठवड्यांनी आली आणि तिची भोकं जुन्यांपेक्षा बोटभर आत. विक्रेत्यानं फोटो मागवले, मग उत्तर देणं बंद केलं. कुजलेला प्लायवूड खरवडून काढल्यावर डेकमध्ये जो खड्डा झाला, तो नुसत्या इपॉक्सीनं भरायचा सहकाऱ्याचा बेत होता. चाचांनी तो खड्डा पाहिला, काही न बोलता आपल्या शेडमध्ये गेले आणि एक काळपट फळी घेऊन आले. मोडीत काढलेल्या ढाऊची. रंध्यानं वरचा थर काढला तशी आतून सोनेरी निघाली आणि तो वास आला, चामड्यासारखा, थोडा तेलकट. साग. भंगारात पडून किती वर्षं गेली असतील, लाकडाला पत्ता नव्हता.

त्या फळीचा चौकोनी ठोकळा त्यांनी खड्ड्यात असा बसवला की कागद आत जाईना. मग इपॉक्सी, मग नवी बैठक, आणि स्टील नि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना लागू नयेत म्हणून मधे प्लास्टिकच्या चकत्या. युरोपातली प्लास्टिकची बोट आता आपल्याकडच्या सागावर उभी आहे, निदान तळहाताएवढ्या जागेपुरती.

काठी चढवायच्या दिवशी मी सगळ्यांना ब्लॅकफ्रायर्सच्या नाण्याची गोष्ट सांगितली. सहकाऱ्याला ती फारच आवडली. त्यानं खिशातून पन्नास दिरहमचं नाणं काढलं. कतारी नाण्यावर राजचिन्ह असतं. त्यात खजुराची झाडं आहेत आणि शिडं लावलेली एक ढाऊ. मी पाकिटात तळाला पडलेलं पाच रुपयांचं नाणं काढलं. तसा रुपया इथे परका नाही. १९६६ पर्यंत कतारचं चलन रुपयाच होतं, शेवटची सात वर्षं रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळ्या छापलेल्या नोटांच्या रूपात. हेही मी सांगून घेतलं.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. दोन्ही नाणी हातात घेऊन बैठकीत ठेवून पाहिली, मग उचलून मला परत दिली.

“पैसे ठेव, बाय,” ते म्हणाले. “पण पाणी जायचं भोक बुजवलंस त्यावर. ते आधी मोकळं कर.”

मग दोन्ही नाणी थोडी कडेला सरकवून चिकटवली, भोकात तार घालून पाणी ओतून पाहिलं. पाणी सरळ डेकवर आलं आणि बाहेर गेलं. त्यानंतर चौघांनी मिळून काठी उचलली.